रूम ईक्यू विझार्ड: ग्राफ बिघडलेला दिसला, तर आधी आकडे बघा

जॉन मल्काही यांचं रूम ईक्यू विझार्ड, म्हणजे सगळे ज्याला आरईडब्ल्यू म्हणतात ते, खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मूळ प्रोग्रॅम फुकट आहे, फक्त प्रो सुविधांना वेगळे पैसे पडतात. स्पीकरमधून स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वर चढत जाणारा आवाज, वाजतो, माइक तो ऐकतो आणि काही सेकंदांत फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज), इम्पल्स (एका क्षणिक टिचकीला खोलीचा प्रतिसाद), डिके (आवाज विरणं), डिस्टॉर्शन सगळं समोर येतं. मोजमापाच्या बाजूने याच्यात खोट काढायला फारशी जागा नाही. नवा माणूस अडतो तो ग्राफपाशी. रेष दिसतच नाही, मध्येच तुटते, एकाच मोजमापाची लेव्हल दोन टॅबमध्ये वेगवेगळी दिसते, कर्सर हलवला की मागे रेघोट्या उरतात. मग सॉफ्टवेअरमध्ये बग आहे असं धरून तो पुन्हा इन्स्टॉल करतो, ड्रायव्हर बदलतो, माइकवर संशय घेतो. म्हणून हे परीक्षण ग्राफपुरतंच आहे: काय बिघडतं, का बिघडतं आणि आरईडब्ल्यू त्यातून बाहेर पडायला किती मदत करतं.

पहिला प्रश्न एकच: आकडा चुकलाय की चित्र चुकलंय? याचं उत्तर मिळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका. हे उत्तर शोधायची साधनं आरईडब्ल्यूमध्येच आहेत, आणि माझ्या मते या प्रोग्रॅमचा सगळ्यात मोठा गुण तोच आहे.

फाइल मेनूतून मोजमाप टेक्स्ट म्हणून एक्स्पोर्ट करा. फ्रीक्वेन्सी, डेसिबल आणि फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते, अंशांत) अशा रकान्यांची फाइल मिळेल. ती लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून साधा एक्सवाय चार्ट काढा, आडवा अक्ष लॉग (दर दहापटीला सारखीच जागा देणारा) ठेवा. तिथे आकार नीट आला तर मोजमाप शाबूत आहे आणि गडबड दाखवण्यात आहे. तिथेही तसाच वेडावाकडा आला तर ग्राफ बिचारा खरं तेच दाखवतोय. वायर, माइक, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) यांच्याकडे वळा.

दुसरी चाचणी ग्राफच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या बटणाची. तो स्क्रीनचा फोटो काढत नाही. तुम्ही सांगाल त्या रुंदीत ग्राफ नव्याने काढून फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे कॅमेऱ्याचं चित्र स्वच्छ आणि स्क्रीनवर मात्र रेघोट्या असं असेल, तर दोष स्क्रीनवर रंगवण्याच्या टप्प्यात आहे: जावा (आरईडब्ल्यू ज्याच्यावर चालतं ती प्रणाली), ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायची विंडोजची सोय). यानंतर विंडोजचा नेहमीचा स्क्रीनशॉट घ्या. त्यातही रेघोट्या नसतील आणि डोळ्यांना दिसत असतील, तर मॉनिटर किंवा त्याच्या केबलपर्यंत शोध पोचला. तीन फाइली, पाच मिनिटं, आणि दोष कुठल्या मजल्यावर आहे ते कळतं.

तिसरी चाचणी त्याहून खात्रीची आहे, कारण तिच्यात माइक आणि साउंडकार्ड येतच नाहीत. नोटपॅडमध्ये हाताने एक फाइल लिहा. दर ओळीत दोन आकडे, मध्ये एक जागा: २० ७५, पुढच्या ओळीत ५० ७५, मग ८० ७५, १०० ८५, १२५ ७५, १००० ७५ आणि शेवटी २०००० ७५. फाइलमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. फाइल मेनूतल्या इम्पोर्टमधून ती फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणून आत घ्या, स्मूदिंग (रेषेचे काटे सरासरीने गुळगुळीत करणं) बंद ठेवा. ७५ डेसिबलवर सरळ रेष, ८० ते १२५ हर्ट्झमध्ये एकच त्रिकोणी डोंगर, आणि त्याचं टोक १०० हर्ट्झवर ८५ च्या रेषेला टेकलेलं, असं दिसायला हवं. टोक चेपलेलं दिसलं तर स्मूदिंग चालू राहिलंय. डोंगर बरोबर पण जागा भलतीच असेल तर अक्षाची मर्यादा किंवा लॉग-लिनिअरचं बटण बघा. ही फाइल जपून ठेवा. नवी आवृत्ती घातली की एकदा आत ओढून बघायला बरी पडते.

आता ज्या गोष्टी बग म्हणून सांगितल्या जातात पण बग नसतात, त्यांच्याकडे येऊ. यादी मोठी आहे आणि इथे प्रोग्रॅमकडेही थोडा दोष जातो.

रिकामा ग्राफ. सगळ्यात साधं कारण म्हणजे खालच्या पट्टीत त्या रेषेसमोरची टिक गेलेली असते. दुसरं कारण मर्यादा. एसपीएलचं, म्हणजे आवाजाच्या पातळीचं, कॅलिब्रेशन झालेलं नसेल तर रेष ३० डेसिबलला किंवा १४० ला जाऊन बसते आणि तुमची खिडकी ४५ ते १०५ ची असते. रेष असते, खिडकीबाहेर असते. लिमिट्स बटण दाबून वर-खालची मर्यादा तात्पुरती ० आणि २०० करा, रेष सापडेल. युमिक-१ माइक वापरणाऱ्यांकडे हे हमखास कॅलिब्रेशन फाइलमुळे होतं. त्या फाइलच्या पहिल्या ओळीत सेन्स फॅक्टर (माइकच्या संवेदनशीलतेचा आकडा) असतो आणि एसपीएलचा आकडा त्याच्यावर ठरतो. कुणी ती ओळ उडवून फाइल 'साफ' केली असेल तर लेव्हलचा आधारच जातो. फाइल आपल्या माइकच्या सिरियल नंबरचीच आहे ना, तेही बघा. रेष सापडली की उभा अक्ष पुन्हा ४५ ते १०५ वर आणा. हा साठ डेसिबलचा पल्ला सोडू नये. २०० डेसिबलच्या पल्ल्यात कुठलीही खोली सपाट दिसते आणि ७० ते ८० च्या पल्ल्यात उत्तम खोलीही सह्याद्रीसारखी दिसते.

वॉटरफॉल, डिके आणि स्पेक्ट्रोग्राम (आवाज वेळेनुसार कसा विरतो ते दाखवणारे टॅब) रिकामे दिसले तर जनरेट बटण दाबलेलं नसतं. हे टॅब आपणहून गणित करत नाहीत. रिकाम्या टॅबवर 'जनरेट दाबा' एवढी ठळक ओळ आली असती तर कितीतरी प्रश्न मुळातच संपले असते. इथे मी थोडे गुण कापतो.

रेष मध्येच संपते. आधी स्वीपची शेवटची फ्रीक्वेन्सी बघा. सबवूफरसाठी २०० हर्ट्झपर्यंतच स्वीप दिला असेल तर रेष २० हजारांपर्यंत जाणार कुठून? स्वीप प्रत्यक्षात सांगितलेल्या शेवटाच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीपर्यंत आणि सुरुवातीच्या निम्म्यापर्यंत वाजतो, म्हणजे मागितलेल्या पट्ट्यात मोजमाप अचूक राहतं. त्यामुळे रेष बरोबर २०० वर कापलेली दिसत नाही, थोडी पुढे रेंगाळते. वरच्या टोकाला दुसरी भिंत सॅम्पल रेटच्या निम्म्यावर असते. युमिक-१ फक्त ४८ किलोहर्ट्झवर चालतो, तेव्हा २४ किलोहर्ट्झच्या पलीकडे काही मागू नये. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्याच साधनाला ४४.१ ठेवलं असेल तर मध्ये विंडोज स्वतः रीसॅम्पलिंग करतं आणि वरचं टोक आधीच कोसळतं. दोन्हीकडे, वाजवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या साधनाला, ४८ ठेवा.

इम्पल्सच्या टॅबवर सपाट रेष आणि कुठेतरी एक केसभर टोक. इथे गणित करून बघा. २५६ के लांबीचा स्वीप म्हणजे २,६२,१४४ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला ५.४६ सेकंद. ग्राफची रुंदी १,२०० पिक्सेल धरली तर एका पिक्सेलच्या वाट्याला २१८ सॅम्पल येतात, म्हणजे साधारण साडेचार मिलिसेकंद. थेट आवाज, जमिनीवरून आलेलं पहिलं प्रतिबिंब आणि बाजूच्या भिंतीचं प्रतिबिंब, हे सगळं एकदोन पिक्सेलांत चेपलं जातं. आडवी मर्यादा वजा १ ते २० मिलिसेकंद करा, सगळी टोकं सुटी होतात. कुठल्याही मापन-सॉफ्टवेअरसाठी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे. लाखो सॅम्पल हजार पिक्सेलांत बसवताना प्रोग्रॅमने प्रत्येक पिक्सेलमधला सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा घेऊन उभी रेघ काढायला हवी. जो प्रोग्रॅम दर २१८वा सॅम्पल उचलून जोडतो, त्याच्यात झूम बदलला की टोकं येतात-जातात, उंची बदलते. तो खरा दाखवण्याचा बग. झूम आत-बाहेर करा: टोकाची उंची तीच राहिली तर रेष काढणारा भाग विश्वासू आहे.

फेजचा ग्राफ कुंपणासारखा दिसतो, उभ्या रेघाच रेघा. फेज वजा १८० ते अधिक १८० अंशांतच दाखवला जातो. कडेला पोचला की रेष दुसऱ्या कडेला उडी मारते. टायमिंग रेफरन्स (आवाज निघाल्याच्या क्षणापासून वेळ मोजणं) चालू असेल आणि स्पीकर माइकपासून ३ मीटरवर असेल, तर आवाजाला ३४३ मीटर दर सेकंद वेगाने यायला पावणेनऊ मिलिसेकंद लागतात. एवढ्या उशिराने दर ११४ हर्ट्झला फेजचा एक पूर्ण फेरा होतो. २० किलोहर्ट्झपर्यंत पावणेदोनशे उड्या झाल्या. लॉग अक्षावर त्या उजवीकडे दाटतात आणि कुंपण तयार होतं. कंट्रोल्समधून आयआर डिले (इम्पल्स रिस्पॉन्समधला हा उशीर) काढून टाका, किंवा अनरॅप (उड्या जोडून सलग रेष करणं) लावा. उरलेल्या उड्यांकडेच बघायचं.

बासची रेष संशयास्पद गुळगुळीत. आयआर विंडोज उघडा; इम्पल्सचा किती भाग हिशेबात घ्यायचा ते तिथे ठरतं. उजवी खिडकी ५ मिलिसेकंदांवर राहिली असेल (स्पीकरचा जवळून रिस्पॉन्स घेताना तशी ठेवतात), तर बारकावा एक भागिले ०.००५, म्हणजे २०० हर्ट्झ. त्याच्या खाली ग्राफवर जे दिसतं त्याला अर्थ नाही. खोलीसाठी मूळचे ५०० मिलिसेकंद परत आणा. स्मूदिंगचंही तसंच. 'व्हेरिएबल' स्मूदिंग १०० हर्ट्झच्या खाली १/४८ ऑक्टेव्ह (ऑक्टेव्ह म्हणजे फ्रीक्वेन्सी दुप्पट होण्याचं अंतर) असतं, १ किलोहर्ट्झला १/६ आणि १० किलोहर्ट्झच्या वर १/३. एकाच रेषेची डावी बाजू काटेरी आणि उजवी तुळतुळीत दिसते ती यामुळे. बास दुरुस्त करताना हेच स्मूदिंग मला योग्य वाटतं. दोन माणसं एकाच खोलीचे ग्राफ ताडून बघणार असतील तर मात्र दोघांचं स्मूदिंग एकच आहे ना, ते आधी विचारून घ्यावं.

आरटीए (चालू आवाजाचं थेट विश्लेषण दाखवणाऱ्या) खिडकीत पिंक नॉइज, म्हणजे दर ऑक्टेव्हला सारखीच ऊर्जा असलेला चाचणीचा खरखराट, उतरता दिसतो, ही आणखी एक नेहमीची तक्रार. मोड 'स्पेक्ट्रम' असेल तर पिंक नॉइज दर ऑक्टेव्हला ३ डेसिबल उतरणारच. २० ते २० हजार म्हणजे जवळपास दहा ऑक्टेव्ह, म्हणून एकूण ३० डेसिबलची घसरण. मोड 'आरटीए', १/३ किंवा १/६ ऑक्टेव्ह असा करा, रेष आडवी होते. दोन्ही चित्रं खरी आहेत, मोजायची पट्टी वेगळी.

ओव्हरलेमध्ये (अनेक मोजमापं एकावर एक दाखवणाऱ्या ग्राफमध्ये) लेव्हल जुळत नाही, याचं कारण बहुतेक वेळा रेषा वेगळ्या करणारं बटण असतं. ते रेषा ओळखू याव्यात म्हणून त्यांना वर-खाली सरकवतं. सरकवलेल्या अवस्थेत उभ्या अक्षावरून आकडा वाचू नका.

हे सगळं तपासूनही चित्र बिघडलेलंच असेल आणि कॅमेऱ्याची फाइल स्वच्छ असेल, तर आता स्क्रीनकडे.

विंडोजवर दोन जागा हमखास सापडतात. पहिली स्केलिंग. लॅपटॉपवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग बहुधा आधीपासून लावलेलं येतं. जावाचा प्रोग्रॅम बदललेला तेवढाच चौकोन पुन्हा रंगवतो. १२५ टक्क्यांना त्या चौकोनाची कड पूर्ण पिक्सेलवर न पडता सव्वा, अडीच, पावणेचार अशा ठिकाणी पडते. पूर्णांक करताना एक पिक्सेलची पट्टी पुसायची राहून जाते. ग्राफवर कर्सरची उभी रेघ डावीकडून उजवीकडे हळू न्या: मागे ठरावीक अंतरावर फिकट उभ्या रेघा उरल्या आणि खिडकी लहान करून पुन्हा मोठी केली की त्या पुसल्या गेल्या, तर निदान पक्कं. तात्पुरतं १०० किंवा २०० टक्के करून बघा. पूर्ण आकड्यांवर रेघा जातात. कायमचा उपाय असा: प्रोग्रॅमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे ओव्हरराइडवर टिक आणि खालच्या यादीत 'सिस्टिम'. अक्षरं किंचित धूसर होतात. ग्राफ खरा दिसण्यासाठी एवढी किंमत परवडते. लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर यांचं स्केलिंग वेगळं असेल आणि खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढल्यावरच घोळ होत असेल, तर दोन्हींना एकच टक्का द्या.

दुसरी जागा डायरेक्ट थ्रीडी. विंडोजवर जावा चित्र काढायला ग्राफिक्स कार्डाची मदत घेतो आणि काही ड्रायव्हरांशी त्याचं पटत नाही. ग्राफचा भाग काळा पडतो, टॅब बदलला तरी जुनाच ग्राफ राहतो, खिडकी हलवली की लुकलुकतो. ही मदत बंद करायला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतो. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' टाइप करून ती खिडकी उघडा, युजर व्हेरिएबल्समध्ये न्यू. नाव असं लिहा: जे, आकडा दोन, डी, अंडरस्कोर, डी, आकडा तीन, डी. सगळी अक्षरं कॅपिटल, मध्ये जागा नाही, अंक इंग्रजी. व्हॅल्यूमध्ये फॉल्स, लहान लिपीत. आरईडब्ल्यू पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. ग्राफ सुधारला तर कारण सापडलं. हा व्हेरिएबल त्या संगणकावरच्या सगळ्या जावा प्रोग्रॅमना लागू होतो, हे ध्यानात असू द्या. नाव लिहिताना अंडरस्कोरच्या जागी हायफन पडतो आणि मग 'उपाय लागू पडला नाही' असं वाटतं, तेव्हा ते दोनदा वाचा.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक सोपा मार्ग: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे प्रोग्रॅम जोडून 'पॉवर सेव्हिंग' आणि 'हाय परफॉर्मन्स' आलटून पालटून बघा. वेगळा जावा डाउनलोड करून घालण्यात मात्र वेळ दवडू नका. विंडोजचा इन्स्टॉलर स्वतःचा जावा सोबत आणतो आणि प्रोग्रॅम तोच वापरतो.

मराठीत विंडोज वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. प्रादेशिक स्वरूप 'मराठी (भारत)' असेल तर जावा अंकांसाठी युनिकोडच्या सीएलडीआर तक्त्याकडे (कुठल्या भाषेत अंक, तारखा कशा लिहायच्या त्याच्या यादीकडे) बघतो. जावाच्या नवव्या आवृत्तीपासून हीच मूळची पद्धत आहे, आणि त्या तक्त्यात मराठीचे अंक देवनागरी आहेत. ज्या जावा प्रोग्रॅमने अंकांची भाषा स्वतः ठरवलेली नसते, तिथे अक्षावर देवनागरी अंक येऊ शकतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये ते नसतील तर नुसते चौकोन, आणि टेक्स्ट फाइल वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला तर ते आकडेच वाटत नाहीत. कुठल्याही मापन-सॉफ्टवेअरमध्ये असे चौकोन दिसले की प्रादेशिक स्वरूप 'इंग्लिश (इंडिया)' करून प्रोग्रॅम पुन्हा उघडा. विंडोजची भाषा मराठीच राहू द्या, ती बदलायची गरज नाही.

काहीच लागू पडलं नाही तर प्रेफरन्सेस मेनूतला 'डिलीट प्रेफरन्सेस अँड शट डाउन'. जुन्या मर्यादा, काढून टाकलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर उघडणाऱ्या खिडक्या, बदललेले रंग सगळं मुळावर येतं. त्यासोबत कॅलिब्रेशन फाइलची निवड आणि साउंडकार्डच्या सेटिंगही जातात, म्हणून आधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. मोजमापाच्या एमडॅट फाइलींना धक्का लागत नाही. नुसतं अनइन्स्टॉल करून पुन्हा घातल्याने हे काम होत नाही. विंडोजवर या सेटिंग रजिस्ट्रीत असतात आणि तिथेच राहतात.

प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांना ५.४० मालिकेपासून आणखी एक दार उघडलंय: एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला आरईडब्ल्यूशी बोलू देणारी सोय. चालू केल्यावर तो त्याच संगणकावर ४७३५ पोर्टवर बोलतो आणि मोजमापाचे आकडे थेट देतो, म्हणजे ग्राफला पूर्ण वळसा. रकाने बेस-६४ मध्ये गुंडाळलेले ३२ बिटचे फ्लोट असतात, बिग-एंडियन क्रमात. साध्या संगणकावर नेहमीच्या लिटल-एंडियन क्रमाने ते वाचले तर कचरा मिळतो, आणि तुम्ही स्वतः काढलेला ग्राफ खऱ्या बगसारखा भासतो.

साधन म्हणून मी याला पाचपैकी साडेचार देतो. अर्धा गुण गेला तो रिकाम्या टॅबचा आणि विखुरलेल्या सेटिंगचा. रेषेची जाडी प्रेफरन्सेसच्या व्ह्यू टॅबमध्ये, मर्यादा ग्राफवरच्या बटणात, स्मूदिंग कंट्रोल्समध्ये आणि खिडकी आयआर विंडोजमध्ये, अशा चार जागा लक्षात ठेवाव्या लागतात. भरपाई म्हणजे हे सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे, बीटा (चाचणीच्या) आवृत्त्या निघत राहतात. तेव्हा तक्रार करण्याआधी ताज्या बीटावर तीच एमडॅट फाइल उघडून बघा. तिथेही दोष तसाच असेल तर एमडॅट फाइल, कॅमेऱ्याचं चित्र, त्याच क्षणाचा स्क्रीनशॉट आणि लॉग फाइल एकत्र पाठवा, सोबत स्केलिंगचा टक्का आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहा. नुसतं 'ग्राफ बरोबर दिसत नाही' एवढंच लिहिलं, तर पहिलं उत्तर याच गोष्टी मागणारं येणार.